जीव थाऱ्यावर कशानं येतो?

बेंगळुरूत होसूर रस्त्यावर निम्हान्स आहे. म्हैसूर संस्थानाच्या काळापासूनचं मनोरुग्णालय आणि १९५४ साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९७४ मध्ये एकत्र आली आणि ही संस्था उभी राहिली. याच शहरात रेकीचे आणि प्राणिक हीलिंगचे वर्ग चालतात. हरवलेला आत्मा परत आणून देण्याची शिबिरंही आता भरतात. आणि याच राज्यात कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूर आहे. घरातल्या कुणाला ‘बाहेरची बाधा’ झाली असं वाटलं की मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिथे दत्ताच्या पायाशी जात आला आहे.

घरातलं माणूस हरवल्यासारखं वागू लागलं तर यांतलं कोणतं दार ठोठावायचं? पुढचा वाद त्यावरचा आहे. मावशी निवृत्त मनोविकारतज्ज्ञ आहे. भाचीनं सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून ऊर्जा-उपचार शिकायला घेतले आहेत. दोन्ही पात्रं मी कल्पिली आहेत. मुद्दे मात्र इथल्या मराठी घरांत नेहमी निघणारे आहेत.

भाची : मावशी, तुझ्याकडे येणारा माणूस पहिल्यांदा काय सांगायचा ते आठव. झोप लागत नाही, भूक नाही, हे सगळं नंतर. आधी तो म्हणायचा, ‘जीव थाऱ्यावर नाही. अपघात झाला त्या दिवसापासून मी पहिल्यासारखा राहिलोच नाही.’ आपण म्हणतो, त्यानं धसका घेतला, हाय खाल्ली. मेक्सिकोत अशा अवस्थेला ‘सुस्तो’ म्हणतात. एकदम भीती बसली की आत्मा देह सोडून जातो, मग माणूस खंगतो, असं तिथले लोक मानतात. लाओसमधून अमेरिकेत गेलेल्या मोंग लोकांत भ्यायलेल्या आत्म्याला हाका मारून घरी आणण्याचा विधी आहे. मग मनगटाला दोरा बांधतात. एकमेकांना कधी न भेटलेल्या समाजांना हेच दिसावं, यात काही तथ्य नसेल का?

मावशी : अनुभव खरा आहे, तो मी कधी नाकारला नाही. पियेर जाने या फ्रेंच अभ्यासकानं १८८९ मध्येच लिहून ठेवलंय की आघात सोसवला नाही तर मनाचा एखादा भाग तुटून वेगळा वागू लागतो. आम्ही त्याला डिसोसिएशन म्हणतो. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. ‘मी मी राहिलो नाही’ असं नैराश्यातला माणूस म्हणतो, थायरॉइड मंदावलेली बाई म्हणते, अपस्माराचा रुग्ण म्हणतो, रक्त कमी झालेली बाळंतीणही म्हणते. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा. ‘आत्मा गेला’ हे उत्तर एकदा मिळालं की घरचे शोध थांबवतात.

भाची : उलटंही होतं. रुबेल या अभ्यासकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात सुस्तोचा अभ्यास केला. १९८४ साली त्याचं पुस्तक निघालं. सुस्तो झालेली माणसं आणि त्याच गावांतले इतर आजारी लोक यांची त्यांनी तुलना केली. सुस्तोवाल्यांवर शारीरिक आजारांचा भार जास्त होता, घरातल्या आणि गावातल्या जबाबदाऱ्या आपल्याला पेलत नाहीत ही बोचणीही जास्त होती. सात वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यातले मृत्यूही जास्त. गावानं ज्यांना ‘याचा आत्मा गेलाय’ म्हटलं, ते खरोखरच धोक्यात होते.

मावशी : तो अभ्यास माझीच बाजू मांडतो. त्या माणसांच्या शरीरात रोग होते. आत्म्याला हाका मारत बसलं असतं तर ते तसेच राहिले असते.

भाची : पण ते रोगी आहेत हे आधी ओळखलं कुणी? शेजाऱ्यांनी, घरच्यांनी. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेनं सुस्तोची नोंद घेतली ती १९९४ मध्ये. लोक त्याच्या कितीतरी आधीपासून ते सांगत होते.

मावशी : एवढं मी मान्य करते. असं कुणी बोललं तर ती गावंढळ समजूत म्हणून झटकायची नाही, धोक्याची सूचना मानायची. निदान मात्र तपासूनच करायचं.

भाची : मग उपचाराकडे येऊ. तुझ्याच निम्हान्समधल्या डॉ. आर. रघुराम यांचा अभ्यास तुला माहीत असेल.

मावशी : चांगलाच माहीत आहे. तमिळनाडूतल्या वेलायुधंपाळयंपुदूर या खेड्यात मुथुस्वामींचं मंदिर आहे. मनोरुग्ण तिथे घरच्या माणसाबरोबर येऊन राहतात. २००० साली तिथे आलेल्या ३१ जणांना रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येताना तपासलं आणि जातानाही तपासलं. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया किंवा तशाच जातीचे तीव्र आजार होते. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात लक्षणांची तीव्रता जवळपास एक पंचमांशानं उतरली. २००२ मध्ये हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं.

भाची : औषधांशिवाय! काही औषधांनी पडतो तेवढा फरक.

मावशी : हो, पण पुढचंही वाच. तुलनेला दुसरा गट नव्हता, माणसं एकतीसच. काही आजार आपोआपही चढतात-उतरतात. आणि तुझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या मंदिरात बाधा उतरवण्याचा म्हणून एकही खास विधी होत नव्हता. रोजची पूजा व्हायची तेवढीच. बाकी वेळ रुग्णांनी आवार झाडायचं, झाडांना पाणी घालायचं. पैसे कुणी घेत नव्हतं, मारहाण नव्हती, साखळी नव्हती. कुणी आत्मा शोधायला गेलं नाही, कुणी ऊर्जा सोडली नाही, तरी माणसांना आराम पडला.

भाची : मग कशानं पडला?

मावशी : आसऱ्यानं. घरचं माणूस शेजारी, दिवसाला वळण, हाताला काम, वेड्यासारखं वागलं तरी हाकलून न देणारी जागा आणि बरं होण्याची आशा. माणसाला आपलं स्थान परत मिळालं.

भाची : मी याच गोष्टीला जीव परत येणं म्हणते. तू त्याला आसरा म्हण, नावावरून मी भांडणार नाही. पण तुमच्या बाह्यरुग्ण विभागात हा आसरा मिळतो का? सकाळी रांगेत उभं राहायचं, काही मिनिटं बोलायचं, गोळ्या घेऊन घरी.

मावशी : नाही मिळत, आणि ती आमची उणीव आहे. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. वेगवेगळ्या मनोविकारांत उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. डॉक्टरच कमी, तर वेळ कुठून आणायचा? तरी कुटुंबाला बरोबर ठेवण्याची वाट आमच्याकडेही होती. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायला लावलं. निम्हान्समध्येही रुग्णाला कुटुंबासह दाखल करून घेणारं केंद्र आहे. ही वाट रुंद व्हायला हवी होती, ती झाली नाही.

भाची : तोवर लोकांनी गाणगापूरला जाऊ नये का?

मावशी : जावं. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करावं, आरतीला उभं राहावं. फक्त गोळ्या बंद करून जाऊ नये. आणि ६ ऑगस्ट २००१ विसरू नये. त्या पहाटे तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यांचे नातेवाईकही त्यांना बरं वाटावं म्हणूनच तिथे ठेवून गेले होते.

भाची : एरवाडीचं समर्थन कुणी करू शकत नाही. पण दोष नेमका कुठे ठेवायचा? तिथली आश्रयगृहं पैसे घेऊन माणसं कोंडून ठेवत होती. नातेवाईक सोडून निघून गेले होते. तू मघाशी मुथुस्वामींच्या मंदिरातलं जे जे चांगलं सांगितलंस, त्याच्या नेमकं उलट तिथे चाललं होतं. आणि कोंडून ठेवणं काय फक्त दर्ग्याजवळच होतं? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगासाठी निम्हान्सनंच देशातली मनोरुग्णालयं पाहून १९९९ मध्ये अहवाल दिला. सरकारी रुग्णालयांतल्या कोठड्यांचं वर्णन त्यातही आहे.

मावशी : खरं आहे, आणि म्हणूनच कायदा दोघांनाही लागू केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनोरुग्णाला कुठेही, कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी घातली. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारणं, बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर कित्येक वर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं अध्यादेश काढला. कर्नाटकानंही २०१७ मध्ये तसा कायदा केला. हे कायदे श्रद्धेवर बंदी घालत नाहीत, ते मारणारा हात धरतात.

भाची : मारणाऱ्याचा हात धरलाच पाहिजे. पण अंगात येणाऱ्या बाईचं काय? व्हिएदा स्कल्टन्स या अभ्यासक बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराबद्दल १९८७ मध्ये लिहिलंय. आजारी माणसाला घेऊन घरच्या बायका तिथे राहतात आणि संचार होतो तो त्यांनाच. मुलाचं, नवऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर यावं म्हणून त्या तो ओढवून घेतात. इतकी माया कोणत्या वॉर्डात पाहिलीस?

मावशी : रोज पाहिली. आणि स्कल्टन्सबाईंचा लेख वाचून मी अस्वस्थ झाले. मुलगा आजारी, आणि भोगायचं आईनं. घरातलं दुखणं बाईनंच अंगावर घ्यायचं हा रिवाज देवळातही सुटत नाही. तुला त्यात माया दिसते. मला एका रुग्णाच्या जागी दोन रुग्ण दिसतात.

भाची : पण एरवी तिचं ऐकतं कोण? अंगात आलं की सासू हात जोडते, नवरा गप्प बसतो. तोंडातून कधी न निघालेलं गाऱ्हाणं ती वीसजणांसमोर मांडते.

मावशी : आणि आरती संपली की त्याच घरी परत जाते. घरी काही बदललं तर मी त्याला उपचार म्हणेन. काहीच न बदलता दर अमावास्येला तिला घुमावं लागत असेल, तर दुखणं कायम आहे आणि फक्त वाफ जाते आहे.

भाची : हे मला पटतं. घुमणाऱ्या बाईचं गाऱ्हाणं काय आहे, ते ऐकून त्याची तड लावणारा कुणी हवा.

मावशी : आता तुझ्या शिबिरांकडे वळू का?

भाची : वळ. मला माहीत आहे तू काय म्हणणार ते.

मावशी : ऊर्जेपासून सुरुवात करू. हात अंगापासून काही अंतरावर फिरवून दुसऱ्याची ऊर्जा जाणवते, असं ‘थेराप्यूटिक टच’वाले सांगतात. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या लहान मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी साधा प्रयोग रचला. मध्ये पडदा. पडद्याखालून उपचारकानं दोन्ही हात पुढे करायचे. त्यांतल्या कोणत्या हातावर एमिलीनं आपला हात धरलाय, ते न बघता सांगायचं. २१ उपचारक, २८० वेळा. बरोबर उत्तरं १२३, म्हणजे ४४ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तर निम्मी तरी बरोबर आली असती. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मुख्य नियतकालिकात छापला गेला.

भाची : रेकी घेतल्यावर माणूस शांत झोपतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मावशी : झोपत असेल. तासभर कुणीतरी आपल्याकडेच लक्ष देतंय, आवाज नाही, फोन नाही, कुणी घाई करत नाही. यानं शांत वाटणारच. मग तेवढंच सांगावं. ऊर्जेच्या नावानं पायऱ्या, दीक्षा आणि प्रमाणपत्रं विकू नयेत.

भाची : आणि आत्मा परत आणण्याची शिबिरं?

मावशी : ती आली कुठून? मायकेल हार्नर यांनी निरनिराळ्या आदिवासी समाजांतले विधी एकत्र करून १९८० साली शहरी लोकांसाठी त्यांची एक पद्धत बसवली. सँड्रा इंगरमन यांनी १९९१ मध्ये आत्मा परत आणण्यावर पुस्तक लिहिलं. मोंग घरात आत्म्याला हाक मारतात तेव्हा कुटुंब गोळा होतं, सगळ्यांना जेवण असतं, रुग्णाला ओळखणारे सगळे समोर बसलेले असतात. शिबिरात अनोळखी माणसं शुल्क भरून येतात, ढोल ऐकतात आणि आपापल्या फ्लॅटवर परत जातात. बरं करणारा समाज मागेच राहिला, विधी तेवढा इथे आला.

भाची : हा तुझा सगळ्यात खरा वार आहे. या शहरात आपापल्या गावातून एकटी आलेली किती मुलं आहेत! ती अशा शिबिरांना येतात, कारण त्यांना जवळचं असं कुणी नाही. शिबिर संपलं की पुन्हा कुणीच नाही. मी शिकले त्यातलं काय टिकवायचं, हे मला ठरवावं लागेल. पण तू हेही मान्य कर की तुमच्या शास्त्रालाही एकट्यानं जमलेलं नाही. ॲन फॅडिमन यांनी १९९७ मध्ये एका मोंग मुलीची हकिकत लिहिली. कॅलिफोर्नियातलं मर्सेड शहर, मुलीला अपस्मार. आईवडील म्हणाले, दार जोरात आपटलं त्याला भिऊन तिचा आत्मा पळाला. डॉक्टर औषधं बदलत राहिले, आईवडिलांना ती समजेनात, त्यांचा विश्वासही बसेना. मुलीचा मेंदू कायमचा निकामी झाला. आईवडिलांचा जीव तिच्यावर होता आणि डॉक्टरही कसोशीनं झटत होते.

मावशी : आणि औषध नीट पोटात गेलं असतं तर कदाचित तिचे झटके आटोक्यात राहिले असते.

भाची : ते पोटात जावं म्हणून आईवडिलांशी कुणी त्यांच्या भाषेत बोलायला हवं होतं. पुढे मर्सेडच्याच रुग्णालयानं मोंग शामानांना, म्हणजे आत्म्याला हाका मारणाऱ्या त्यांच्या मांत्रिकांना, रुग्णाच्या खाटेपाशी यायची रीतसर मुभा दिली. तेवढं शहाणपण त्या मुलीच्या वेळी असतं तर?

मावशी : हं. इथे आपलं जमतंय. चरकानं उपचारांचे तीन प्रकार एकाच ठिकाणी सांगितलेत : दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, होम, उपवास, युक्तिव्यपाश्रय म्हणजे औषध आणि आहार, आणि सत्त्वावजय म्हणजे मनाला आवर घालणं. त्यानं एकासाठी दुसरं सोडायला सांगितलं नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आर. एल. कपूर कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या कोटा गावात राहिले, मॉरिस कार्स्टेअर्स यांच्याबरोबर त्यांनी १९७६ मध्ये पुस्तक लिहिलं. तिथले लोक वैद्य, मंत्रवादी आणि अंगात येणारा पात्री यांच्याकडे जात, तसे डॉक्टरकडेही जात. त्यात त्यांना काही विसंगती वाटत नव्हती. भांडण आपण शिकलेले लोक करतो.

भाची : गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात मनोविकारतज्ज्ञांचा दवाखाना चालवला गेलाच की! ‘दवा और दुआ’. मुजावरांना शिकवलं की अशी लक्षणं दिसली तर दुआ करा आणि दवाखान्यातही पाठवा. गाणगापुरात, नृसिंहवाडीला असं का होऊ नये?

मावशी : व्हावं. माझ्या अटी ऐक. चालू असलेलं औषध कुणीही बंद करायला सांगायचं नाही. बांधणं, मारणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं नाही. घरचं माणूस सोबत राहील. पैसे किती ते आधी सांगायचं, आणि बरं वाटलं नाही म्हणून आणखी मोठा विधी सुचवायचा नाही. मरणाची भाषा, खाणंपिणं बंद, झटके, ताप आणि त्यात बरळणं, बाळंतपणानंतर एकदम बदललेलं वागणं : यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

भाची : आता माझ्या ऐक. ‘बाधा झालीय’ म्हणणाऱ्या घराला डॉक्टरनं हसायचं नाही. ‘केव्हापासून झालं, त्या दिवशी काय घडलं’ हे विचारल्याशिवाय गोळी लिहायची नाही. आणि रुग्णाला देवळात न्यायचं असेल तर कोणत्या गोळ्या कशा बरोबर न्यायच्या, ते प्रेमानं सांगायचं.

मावशी : मान्य. पण ऊर्जा मी मान्य केलेली नाही.

भाची : आणि आत्मा मी सोडलेला नाही.

दोघींचा वाद इथेच थांबवतो आणि माझं मत सांगतो. आत्मा देह सोडून जातो का, ऊर्जा हातातून वाहते का, या प्रश्नांवर मी मावशीच्या बाजूचा आहे. पुरावा तिच्याकडे आहे. पण माणूस बरा होण्यासाठी काय लागतं, यात भाचीचं म्हणणं डावलता येत नाही. वेलायुधंपाळयंपुदूरला लोकांना आराम पडला, एरवाडीला लोक जळून गेले. दोन्ही श्रद्धेचीच ठिकाणं होती. एकीकडे घरचं माणूस शेजारी होतं, दुसरीकडे पायात साखळी होती. आपल्या माणसाला कुठेही न्या, आधी एवढंच पाहा : तिथे त्याच्याजवळ कुणी बसणार आहे का, आणि त्याचं औषध चालू राहणार आहे का? यांतल्या एकाचंही उत्तर नकारार्थी असेल तर त्याला तिथे ठेवू नका, मग ते देऊळ असो, शिबिर असो की रुग्णालय.

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर १४४१६ हा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि निम्हान्स तिची शिखर संस्था आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.